बॉनेटखाली : तिसरं गॅस्केट

मंडळी, या सदरात आजवर टायर झाले, क्लच झाला, एनसीटीच्या आधी घरच्या घरी काय बघून घ्यावं तेही झालं. यंदा विषय थोडा जड घेतलाय, कारण आपल्यातल्याच एका घराने तो सव्वा वर्ष सोसला. गाडीचं हेड गॅस्केट गेलं, बदललं. दहा महिन्यांनी पुन्हा गेलं, पुन्हा बदललं. आणि गेल्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गेलं. दोन दुरुस्त्यांचे मिळून २,२०० युरो भरून झाले होते. तिसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि सांगितलं, आता इंजिनच बदला, २,९०० लागतील. अकरा वर्षं जुन्या गाडीला विकूनसुद्धा तेवढे आले नसते.

हे घर लॉक्रेला राहतं. (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार हाच.) वहिनी गॉलवेत नर्स आहेत, ड्यूटी बारा तासांची, कधी दिवसाची कधी रात्रीची. लॉक्रेची रेल्वे १९७५ सालीच बंद झाली आणि बसच्या वेळा नर्सच्या वेळांशी जुळत नाहीत. म्हणजे गाडी ही त्यांच्या घरात हौस नाही, ती नोकरीचाच भाग. गाडी बंद पडली की एखाद्या सहकारी मैत्रिणीला विचारायचं, नाहीतर ड्यूटी बदलून घ्यायची, आणि परक्या देशात सतत कुणाचे तरी उपकार घेत राहायचे. पैशांपेक्षा त्याचा त्रास जास्त होता, असं वहिनीच म्हणाल्या.

गाडी कुठल्या कंपनीची हे मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हता, आणि नाव लिहिलं की "आपली ती नाही" म्हणून निम्मे वाचक पान उलटतात.

आधी गॅस्केट म्हणजे काय ते बघू. कुकरचं गॅस्केट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. भांडं आणि झाकण यांच्यामधली रबराची रिंग. ती सैल झाली की वाफ कडेने फुसफुसते, शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. इंजिनातही भांडं आणि झाकण आहेच. खालचं भांडं म्हणजे ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. वरचं झाकण म्हणजे सिलिंडर हेड. दोघांच्या मधे जो पातळ पत्रा बसतो, आता बहुतेक गाड्यांत पोलादी पापुद्र्यांचा, ते हेड गॅस्केट. फरक एवढाच, की कुकरात दाब वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त असतो. पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी तो ५० ते ८० बारपर्यंत जातो आणि आजच्या डिझेलमध्ये १५० च्याही वर. शिवाय कुकरच्या रिंगेला फक्त वाफ अडवायची असते. इथे त्या एकाच पत्र्याने जळता वायू, तेल आणि कूलंट या तिघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, सेकंदाला कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं.

आणखी एक अडचण. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेड ४५ सेंटीमीटर लांब धरलं आणि थंड इंजिन ७५ अंशांनी तापलं, तर वरचा भाग खालच्यापेक्षा सुमारे ०.४ मिलीमीटर जास्त लांबतो. तेवढी सरकासरक गॅस्केट रोज सहन करतं. पण इंजिन मर्यादेबाहेर तापलं की हेड फुगायला जागा नसते, बोल्टांनी ते जखडलेलं असतं, मग ते वाकतं. थंड झालं तरी सरळ होत नाही. सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज घातला तर अनेक इंजिनांना ०.०५ मिलीमीटरच्या आसपासचाच बाक चालतो. केसाची जाडीसुद्धा त्यापेक्षा थोडी जास्त भरते.

म्हणून माझं पहिल्यापासूनचं म्हणणं : गॅस्केट हे घरातल्या फ्यूजसारखं आहे. ते सहसा आपणहून जात नाही, त्याला कुणीतरी घालवतं. पहिल्यांदा गेलं तर वय झालं असेल, मान्य. दुसऱ्यांदा वर्षाच्या आत गेलं तर नवं गॅस्केट घालण्याआधी घालवणारा शोधायला हवा. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

याचा सगळ्यात मोठा धडा याच बेटांवर घडून गेला आहे. रोव्हरचं के सिरीज इंजिन १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलं तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं. हलकं, सगळं अॅल्युमिनियमचं, लांबच लांब बोल्ट हेडपासून थेट तळापर्यंत सगळे थर एकत्र आवळणारे. पुढे तेच इंजिन वाढवून १.८ लीटरचं केलं आणि ते एमजीएफ, फ्रीलँडर अशा गाड्यांत बसलं. मग गॅस्केटं जायला लागली, ती इतकी की "के सिरीज" म्हटलं की मेकॅनिक हसायचे. वर्षानुवर्षं लोकांनी तसंच गॅस्केट पुन्हा बसवलं आणि ते पुन्हा गेलं. खरी कारणं आजूबाजूला होती. कूलंट मुळातच कमी, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डच्या सीलमधून थोडंसं झिरपलं तरी इंजिन कोरडं पडायचं आणि कळायचं उशिरा. थर्मोस्टॅट अशा जागी, की तो उघडला की रेडिएटरमधलं थंड पाणी तापलेल्या इंजिनात एकदम घुसायचं. हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्या काही काळ प्लॅस्टिकच्या. पुढे पोलादी खुंट्या आल्या, अनेक थरांचं पोलादी गॅस्केट आलं, थर्मोस्टॅटची जागा आणि रचना बदलली, आणि नीट दुरुस्त केलेली तीच इंजिनं व्यवस्थित चालली. तोवर एप्रिल २००५ मध्ये कंपनी बुडाली होती. जाता जाता एक : त्या कंपनीने शेवटच्या काळात विकलेली सिटीरोव्हर म्हणजे आपल्या पुण्यात तयार झालेली इंडिकाच. तिच्यात मात्र हे इंजिन नव्हतं. पिंपरीकरांनी निर्धास्त राहावं.

आता लॉक्रेच्या गाडीकडे. पहिल्या गॅरेजने ९५० युरो घेऊन फक्त गॅस्केट बदललं होतं. हेड तपासायला कुठे पाठवलंच नव्हतं. घासून, पुसून परत बसवलं. दुसऱ्याने १,२५० घेतले, पण काम बरं केलं होतं : हेड फेसिंग करून आणलं, बोल्ट नवे घातले. तरी पाच महिन्यांत तेच. दोघांचंही निरोपाचं वाक्य एकच, इथल्या सगळ्यांच्या तोंडी असतं ते : "इट विल बी ग्रँड." आयर्लंडमध्ये हे वाक्य ऐकलं की मी वही काढतो.

मी मेकॅनिक नाही हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. गॉलवेत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. वस्तू का बिघडली हे शोधणं हे पोटापाण्याचं काम. तरी या प्रकरणातला खरा प्रश्न विचारला तो मी नाही. तो मिरजेहून आला.

वहिनींचे सासरे एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. इथली दुपार म्हणजे तिथली संध्याकाळ, रोजचा व्हिडिओ कॉल ठरलेला. त्या दिवशी मीही तिथे चहाला होतो. मुलगा त्यांना सगळं सांगत होता, किती दिले, कोण काय म्हणालं. म्हाताऱ्यांनी ते अर्धवटच ऐकलं आणि म्हणाले, "तू नको सांगूस, तू गाडी चालवत न्हाईस. पोरीला बोलव." आणि मग वहिनींना : "पोरी, गाडी पळताना तापतीया का उभी असताना?"

वहिनींनी क्षणाचाही विचार केला नाही. "बाबा, उभी असताना. मोटरवेवर कधीच नाही. गॉलवेत शिरताना रांग लागते ना, तिथे. काटा मधेच असतो, पण हीटरची हवा गार यायला लागते."

तीन गॅरेजं झाली होती. तिन्ही ठिकाणी गाडी सोडायला नवरा गेला होता, बोलणं त्याच्याशीच झालं होतं, आणि जी बाई रोज सत्तर किलोमीटर ती गाडी चालवते तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हीही घरात "गाडीचं" बोलणं निघालं की पुरुषांकडेच बघतो, हे त्या दिवशी माझ्याही ध्यानात आलं. असो.

या उत्तरात सगळं होतं. गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो, रेडिएटर आपोआप थंड होतो. रांगेत वारा नाही, सगळा भार पंख्यावर. ज्यांनी सकाळी साडेसातला मोटरवे संपवून गॉलवेत शिरायचा आणि कॉरिबवरचा पूल गाठायचा प्रयत्न केलाय त्यांना ती रांग सांगायला नको. रिंगरोडची चर्चा आम्ही आलो तेव्हापासून ऐकतोय. हीटर गार होणं म्हणजे कूलंट कमी झालंय किंवा आत वायूचे बुडबुडे अडकलेत. आणि काटा मधे असणं म्हणजे काहीच नाही! बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम तसा ठेवलेला असतो : साधारण ८० पासून १०० च्या पुढपर्यंत तो मधेच बसतो, चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून. तो हलतो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावायचं वीसेक युरोचं यंत्र घेऊन गेलो. ते फोनवर खरं तापमान दाखवतं. कूलंट भरलं, गाडी अंगणातच सुरू ठेवली. ९७ ला पंखा हळू फिरायला लागला. १०१, १०४, १०७. इथे त्याने वेग घ्यायला हवा होता. घेतला नाही. ११० ला मी इंजिन बंद केलं. पंख्याला थेट बॅटरीचा करंट दिला तर सुसाट फिरला, म्हणजे पंखा शाबूत होता. मोठ्या वेगाचा रिले काढला तर त्याचे पाय हिरवट गंजाने खाल्लेले. पावसाचा देश, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. रिलेची किंमत १५ युरो.

रेडिएटरही निर्दोष नव्हता. दुरून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी बंदूक फिरवली तर दोन्ही कडा गरम आणि मधला मोठा पट्टा कोमट. आत काहीतरी साठलं होतं. यांच्या आधीच्या कुठल्या तरी मालकाने गळती थांबवणारं बाटलीतलं औषध ओतलं असावं. उघडल्यावर आत तपकिरी गाळ निघाला. ही औषधं गळकी जागा बंद करतात आणि त्याबरोबर न गळणाऱ्या जागाही बंद करतात. गाडी चार दिवसांत भंगारात जाणार असेल तर ओता, एरवी नको.

म्हणजे झालं होतं असं. रोज सकाळी रांगेत इंजिन थोडं थोडं जास्त तापत होतं, हेड थोडं थोडं वाकत होतं, आणि नवं गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी त्याचे दिवस मोजलेले होते. २,९०० देऊन दुसरं इंजिन बसवलं असतं तर तेही याच पंख्यामागे आणि याच रेडिएटरला जोडलं असतं. मग चौथं.

हेडचं काय झालं तेही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. इंजिन रिकंडिशनिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते दिलं. त्यांनी तीन गोष्टी बघितल्या : बाक, तडा (पाण्यात बुडवून, आत हवेचा दाब देऊन) आणि कडकपणा. तडा नव्हता. पण वारंवार तापून अॅल्युमिनियम मऊ पडलं होतं. मऊ हेडवर बोल्ट कितीही आवळा, धातूच दबत राहतो आणि पकड सुटते. फेसिंग करून हेड सपाट होतं, कडक होत नाही. शिवाय आधीच एकदा फेसिंग झालेलं, आता आणखी घासायला जाडी उरली नव्हती. मग स्क्रॅप यार्डातून दुसरं हेड आणलं, ते आधी तपासून घेतलं, मगच बसवलं. हेड, तपासणी, गॅस्केट सेट, नवे बोल्ट, रेडिएटर, रिले, तेल, कूलंट आणि मजुरी धरून १,६३० झाले.

बोल्टांबद्दल थोडं. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते ठराविक टॉर्कला आवळून मग अंशांत फिरवतात, त्यात ते थोडे ताणले जातात आणि त्या ताणावरच सगळी पकड असते. जुना बोल्ट पुन्हा घातला तर तो आधीच ताणलेला. क्रमही ठरलेला, मधून कडेकडे. आणि बोल्टाच्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर रेंच म्हणतो आवळला, प्रत्यक्षात बोल्ट त्या पाण्यावरच अडलेला असतो. कधी कधी त्यानेच ब्लॉकला तडा जातो. तसंच, जुनं गॅस्केट खरवडायला फिरती घासणी चालवली की हेडवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, आणि पोलादी गॅस्केटला आरशासारखी नाही तरी बरीच गुळगुळीत जागा लागते. हे सगळं गॅरेजवाल्याला शिकवायला जाऊ नका, राग येतो. "हेड कुठे तपासायला पाठवणार? त्याचा कागद मिळेल का? बोल्ट नवे ना? आणि गेलं कशामुळे?" एवढे चार प्रश्न चहा पिता पिता विचारता येतात. चौथ्याला उत्तर आलं नाही तर किल्ली परत मागा.

उलट बाजूही सांगायला हवी. दर हिवाळ्यात मला दोन-तीन फोन येतात : "तेलाच्या झाकणाखाली मेयोनीजसारखा पिवळट साय जमलाय, गॅस्केट गेलं का हो?" बहुतेक वेळा नाही. मुलांना शाळेत सोडून दोन किलोमीटरवरून परत, बाहेर पाच अंश, हवा कायम ओली. इंजिन पुरतं तापतच नाही आणि आतली वाफ झाकणाला जमते. अर्धा तास मोटरवेवर फिरवून आणा, झाकण पुसा आणि आठवड्याने बघा. कूलंट कमी होत नसेल तर झोपा शांत. कूलंट कमी होतंय आणि जमिनीवर थेंब नाही, सकाळी थंड इंजिनावरसुद्धा रबरी नळ्या कडक लागतात, एग्झॉस्टला गोडसर वासाचा पांढरा धूर आहे, असं असेल तर मात्र तपासणी करा. एक निळं रसायन मिळतं, कूलंटच्या टाकीवर धरून त्यातून हवा ओढायची. जळालेला वायू त्यात आला की निळ्याचं पिवळं होतं. गॅरेजवाला पाच मिनिटांत करतो. गरम इंजिनाचं झाकण मात्र कुणीही उघडू नये, शिट्टी न पडलेला कुकर उघडण्यासारखंच ते.

आणि नळाचं पाणी ओतायची आपली जुनी सवय. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि हातात पाण्याचा डबा घेतलेले काका, हे चित्र माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. तिथे ते चालून गेलं. इथे २०१० च्या नाताळात मेयोतल्या स्ट्रेडला उणे १७.५ अंश तापमान नोंदलं गेलं. नुसतं पाणी गोठलं की फुगतं, आणि ब्लॉक फोडायला त्याला गॅस्केटची परवानगी लागत नाही. शिवाय कूलंटमधलं गंजरोधक पातळ झालं की अॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं.

शेवटी पैशांचं. इथे २९ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे दुरुस्तीचं काम वाजवी कौशल्याने आणि काळजीने करणं व्यावसायिकावर बंधनकारक आहे. व्यवसायाविरुद्ध २,००० युरोपर्यंतचा दावा ग्राहकाला स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाशिवाय करता येतो, शुल्क २५ युरो. लॉक्रेच्या घराने दावा केला नाही. वर्कशॉपचा कागद आणि रिलेचा फोटो जोडून, शिव्या न देता, दोन्ही गॅरेजांना एकेक पत्र लिहिलं. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने ४०० युरो परत केले आणि वर सांगितलं की पंखा बघायला हवा होता. ते वाक्य ऐकून वहिनींना पैशांपेक्षा बरं वाटलं असावं.

गाडी मार्चपासून चालते आहे, ऑगस्टमध्ये एनसीटी पास झाली. फोनवरचं तापमान वहिनी अजून बघतात, रांगेत १०३ च्या वर जात नाही. मिरजेला दर रविवारी आकडा कळवावा लागतो.

पुढच्या दिवाळीला जपानहून आलेल्या जुन्या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीबद्दल लिहीन. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घेतल्यात. कुणाची बॅटरी थकली असेल तर गाडी किती वर्षांची, किती किलोमीटर झाले आणि ती रोज कोण चालवतं, हे तिन्ही कळवा.